आमचा सरला

बर्फ मी घरून आणला. डब्यात,
जुन्या टॉवेलात गुंडाळून, स्कूटीच्या डिक्कीत.
पाचपावलीच्या पुलाखाली अडकले
तेव्हाच डब्यातून टिपटिप ऐकू येतेय असं वाटलं.
शाळेत पोचेपर्यंत तुकड्याचे कोपरे गेले होते.
ठरलं होतं वीस ग्राम. भरला अठरा.
आम्ही अठराच लिहिलं.

साडेदहा. सकाळपाळीचा शेवटचा तास.
लॅपटॉप माझा, नेट मोठ्या सरांच्या मोबाईलचं,
आणि पलीकडे आवाज जावा म्हणून कूलर बंद.
चौतीस मुलं. बाहेर अडतीस अंश.
पडद्यावर आधी एक कान आला, मग नुसते पिवळे केस,
मग रीत्ताबाई मागे सरकल्या
आणि स्वेटर घातलेला अख्खा वर्ग दिसला.
केमी नावाचं गाव. तिकडे सकाळचे आठ.

मोहनीश परातेनं पहिला प्रश्न विचारला,
त्यांना नाही, मला, हळूच:
"मॅडम, त्यायच्या खिडकीले बाहेरून चुना मारला काय?"

चुना नव्हता.
त्यांनी खिडकी उघडून दाखवली.
एका मुलानं हात बाहेर काढून मूठभर आत आणलं
आणि कॅमेऱ्याला लावलं. पडदा पांढरा झाला.
आमचे चौतीस जण एक पाऊल मागे सरले,
पुढच्या बाकावरच्या शबिस्तानं तर ओढणी सावरली.

मग प्रयोग.
त्यांचा तुकडा लाल झाकणात, शाळेमागच्या ढिगावर.
आमचा स्टीलच्या वाटीत, व्हरांड्यात, उन्हात.
घड्याळ धम्मदीपकडे, कारण त्याच्या घड्याळात सेकंदकाटा.
सातव्या मिनिटाला त्यानं बोट बुडवून चाखलं.
ही चूक आम्ही वहीत नोंदवली.
अकराव्याला बर्फ शेंगदाण्याएवढा.
चौदाव्याला व्हरांड्यातून ओरड आली:
"सरला! आमचा सरला!"

आता हे मी त्यांना कसं सांगू?
सरला म्हणजे संपला, पण पीठ सरतं तसा,
महिना सरतो तसा.
माझ्या तोडक्या इंग्रजीत शोधेपर्यंत
मुलांनीच त्यांना माहीत असलेला शब्द फेकला:
"फिनिश! फिनिश!"

आणि पलीकडचा वर्ग उठून उभा राहिला.
हसत, छातीवर बोट ठेवत, माना डोलावत:
फिनिश, हो, फिनिश!
त्यांना वाटलं, आम्ही त्यांना हाक मारतोय.
त्यांच्या देशाच्या माणसांना इंग्रजीत हेच नाव,
हे माझ्या लक्षात आलं
तोवर आमचेही छातीवर बोट ठेवून ओरडत होते.
मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.
घाम मानेवरून पाठीत उतरत होता
आणि मोबाईलची बॅटरी नऊ टक्के.

फळ्यावर दोन रकाने.
नागपूर: चौदा मिनिटं.
केमी:
तेवढ्यात घंटा झाली.
रीत्ताबाईंनी खांदे उडवले. त्यांचा तुकडा
जसा ठेवला तसा, कोपऱ्यांसकट.
आम्ही वाटी उचलायला गेलो तर पाणीही नव्हतं,
तळाला एक पांढरट गोल फक्त.
शबिस्तानं तो वहीत काढला
आणि खाली लिहिलं, "इथं होता."

मग परीक्षा, मग निकाल, मग सुट्ट्या.
मे महिन्यात, दुपारी, कूलरसमोर
ताटीवर पाणी मारत होते, तेव्हा मोबाईल वाजला.
फोटोत ओली काळी जमीन, लाल झाकण, रिकामं.
खाली तेवीस दिवस, असा आकडा.
आणि रोमन अक्षरांत, एकेक अक्षर जपून जोडलेलं:
आमचा सरला.

शाळा बंद. सांगू कुणाला?
संध्याकाळी गोळीबार चौकात
मोहनीश बापासोबत सुताचं बंडल धरून उभा दिसला.
स्कूटी थांबवून मी त्याला फोटो दाखवला.
त्यानं बराच वेळ पाहिला. खूश होईल असं वाटलं होतं.
"तेवीस दिवस?" म्हणाला,
"मंग मॅडम, मधात इतवारी सुट्टी राहते ना,
तवा कोण पाह्यत होतं?"