नो डिस्क

खताच्या पिशवीतून आणला त्यांनी प्लेअर,
टेबलावर ठेवला आणि म्हणाले,
"शौकत, हे खोटं बोलतंय."

लावून बघितलं. ट्रे आत गेला,
तबकडी दोनदा गरगरली, घशात घास अडकल्यागत थांबली,
आणि हिरव्या अक्षरांत आलं : नो डिस्क.
आत आहे, आणि म्हणतंय नाही.

तासगावात हे काम आता माझ्याशिवाय कोण करत नाही.
खरं तर मीही करत नाही. मोबाइलच्या काचा बदलतो.
पण हिंदुरावांचे मोडलेले कान बघितले
आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागलो.

चार स्क्रू, त्यातल्या एकाची खाच कुणीतरी आधीच खाल्लेली.
आत पालीचं रिकामं अंडं.
चार वर्षं बेदाण्याच्या शेडमध्ये पडून होता म्हणे.
मसुरीएवढी लेन्स, तिच्यावर गंधकाच्या धुरीची पिवळट साय.
काडीला कापूस, कापसाला स्पिरिट,
आणि हात असा, की झोपलेल्या पोराच्या डोळ्यातलं चिपाड काढतोय.

तरी नो डिस्क.

कुणाच्या तरी बारशाची सीडी ड्रॉवरमध्ये राहिलेली, ती घातली.
तीही नाही. म्हणजे खोट डोळ्यातच.
मग लेसरशेजारचा बारका स्क्रू केसभर फिरवला.
केसभरच. जास्त फिरवला की लेसर जळतो,
हे मी तीन प्लेअर जाळून शिकलोय.

"सावळजचं मैदान," हिंदुराव म्हणाले. "दोन हजार सहा.
पाठ लागली म्हणत्यात. अजून म्हणत्यात.
डावा खांदा वर हुता माझा."

रंग आले. हलगी आली, हातापेक्षा थोडी उशिरा.
तांबडी माती, तिच्यात तरणे हिंदुराव,
मानेला मान, मग पट काढला, मग कोण वर कोण खाली कळेना,
पंच गुडघ्यावर आले
आणि नेमकं कॅमेऱ्यापुढं कुणीतरी उठलं.
गुलाबी फेटा. पडदाभर.
तो खाली बसेतोवर
पंचांनी दुसऱ्याचाच हात वर केलेला.

मागं घेतलं. परत फेटा.
वाटलं, आता शिवी हासडतील.
ते स्टुलावर पुढं सरकले
आणि उजवीकडं झुकले,
फेट्याच्या कडेनं पलीकडचं बघायला.

"परत लाव."

चौथ्यांदा लावलं तेव्हा ध्यानात आलं,
मीही झुकलोय.