होता की आहे

डुलुथमध्ये आज उणे एकवीस.
तळघरातल्या टेबलाशी मी, पायाशी हीटर,
आणि पडद्यावर एक बाई.
नाव झाकलेलं. वय अठ्ठावन्न.
काम: काउंटीचा बर्फ हटवायचा ट्रक चालवणं.

स्तन, डावा.
डावा म्हणजे तिचा डावा, माझ्या समोरचा नव्हे,
व्हर्नानं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.
वरचा, बाहेरचा चतकोर.
सी पन्नास, टिंब, चार एक दोन.
मग हाडं: सी एकोणऐंशी, टिंब, पाच एक.
इथवर बोटं आपोआप चालतात.

अडलं ते एका क्रियापदाशी.
डॉक्टरांनी लिहिलंय: स्तनाचा कॅन्सर होता.
होता म्हटलं की कोड झेडच्या घरात जातो,
पूर्वेतिहासात,
जिथे काढून टाकलेली पित्ताशयं
आणि सुटलेल्या सिगारेटी राहतात.

पण पान चारवर गोळी आहे, रोज रात्री एक.
पान सहावर मणका,
कसर लागलेल्या लोकरीसारखा.
मला दिसतं, तरी ठरवायचं मी नाही.
लिहिलं नाही ते झालं नाही, व्हर्ना म्हणायची,
आणि एका मंगळवारी निवृत्त झाली.

म्हणून प्रश्न पाठवला, ठरलेल्या नमुन्यात,
उत्तर सुचवल्यासारखं वाटू नये अशा बेतानं:
होता की आहे? कृपया स्पष्ट करावं.

दोन दिवस काही नाही.
मध्ये चौतीस फायली मिटवल्या.
एका माणसाला बदक चावलं होतं. त्यालाही कोड आहे.
मी हसले, एकटीच.

रात्री बर्फ पडला.
पहाटे साडेचारला पातं रस्ता खरवडत गेलं,
पिवळा दिवा छतावरून फिरला.
खिडकीशी गेले. काच गोठलेली.

नर्सच्या टिपणात तळाशी एक ओळ:
विचारतात, एप्रिलपर्यंत ट्रकवर बसता येईल का,
नव्या पोराला टेकडीचं वळण जमत नाही.
ह्याला कोड नाही.
मी शोधला, खरंच शोधला.

शुक्रवारी उत्तर आलं, पूर्णविरामही न देता:
आहे

कर्ता नव्हता.
कॅन्सर आहे की बाई आहे,
नमुन्यात रकाना एकच.
मला बरं वाटलं,
आणि बरं वाटल्याचं कसंतरीच.

सेव्ह केलं.
पुढची फाइल: गुडघा, उजवा.