स्टेफानियाची नेलपॉलिश

अकरा हिवाळे ओरेस्टने विमान शिवलं.
तो बाहेरून रिवेट ठोकायचा,
मी आतून लोखंडी ठोकळा धरायचे.
मधे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा,
आणि दिवसभरात दोनच शब्द :
चालेल. पुन्हा.

गिमलीच्या पश्चिमेला, कनोलाच्या दोन शेतांमधे
आमची गवताची धावपट्टी आहे.
ट्रॅक्टरच्या शेडमधून विमान निघालं
तेव्हा त्याच्या पंखांवर अजून धान्याची धूळ होती.

शेपटीला हातभर लांब, चार बोटं रुंद एक फळी.
ट्रिमची फळी.
ती खाली झुकली की विमानाचं नाक वर जातं,
वर उचलली की नाक खाली.
हे उलटं गणित माझ्या डोक्यात कधी बसलं नाही.
ओरेस्ट म्हणाला, व्हिलबॉर्ग, तुझ्या आईला आठव.
ती मान खाली घालायची
आणि घर तिला हवं तिकडे वळायचं.

आत मांडीपाशी एक चाक, बरणीच्या झाकणाएवढं.
उतरताना इंजिन मंद होतं, नाक जड होतं,
मग चाक मागे फिरवायचं, अजून थोडं मागे,
आणि सगळं विमान दोन बोटांवर येतं.
चाक लागलं की पुन्हा कोण पाहतं त्याच्याकडे?
समोर गवत, थर्मास घेऊन उभी बायको,
आपण उतरलो याचाच आनंद.

जूनचा शनिवार होता.
तो उतरला, इंजिन बंद केलं नाही,
काचेतून एक बोट दाखवलं : अजून एक फेरी.
चाक तिथेच होतं,
मघाचं उतरणं पोटात धरून.

पूर्ण थ्रॉटल.
चाकं गवतावरून सुटली आणि नाक वर आलं,
वर,
अजून वर,
कुणी न सांगता.
मी डिझेलच्या पिंपावर बसले होते.
उठले की नाही, आठवत नाही.

नंतर त्याने सांगितलं, दोन्ही हातांनी काठी पुढे रेटत होतो,
हनुवटी छातीला टेकलेली,
समोर फक्त आभाळ, शेत कुठेच नाही.
चाक एक वीत लांब
आणि हात रिकामा नाही.
शेवटी डावं कोपर पोटाशी रोवलं,
उजव्या हाताने थ्रॉटल थोडा मागे घेतला,
मग चाक. एक फेरा, दोन, साडेतीन.

उतरून तो आत बसून राहिला.
तापलेलं इंजिन टकटक करत निवत होतं.
कुंपणावरचा मेडोलार्क गायला लागला, त्याला काय.
ओरेस्ट म्हणाला,
स्टेफानियाला विचार, लाल नेलपॉलिश आहे का.

होती. नातीच्या लग्नासाठी आणलेली, न फोडलेली.
स्टेफानियाने किंमत सांगितली, दोनदा,
आणि बाटली दिली.

चाकाच्या कडेला त्याने एक रेघ ओढली :
निघताना इथे.
ती रेघ तो एकटा असतानाची.
मागच्या सीटवर माणूस बसलं की शेपूट जड होते,
म्हणून माझ्यासाठी दुसरी, जरा पुढे.
ब्रश हातात धरून त्याने विचारलं, वजन किती?
मी सांगितलं.
नऊ पौंड कमी सांगितलं.

आता दर वेळी, गवताच्या टोकाशी थांबून
तो मोठ्याने विचारतो, मघाचं उतरणं पुसलं?
स्वतःलाच विचारतो, स्वतःच मान हलवतो.
चाक फिरवून माझ्या रेघेवर आणतो,
क्षणभर थांबतो,
मग केसभर पुढे सरकवतो.

मी खिडकीतून कनोला बघते.
फार पिवळा आहे या वर्षी.