त्या रात्रीची हवा

क्रमांक एकशे सत्तेचाळीस यांस,

तुमचं नाव मला ठाऊक नाही,
ठाऊक असू नये असाच नियम आहे.
पण पिशवीबरोबर एक चिठ्ठी आली,
किराण्याच्या बिलाच्या पाठीवर, पेन्सिलीनं,
आधी स्लोव्हेनीत, खाली तेच इटालियनमध्ये:
फोटो काढाल तेव्हा बाहेर हवा कशी होती
तेवढं कळवा.

तर कळवते.

बोरा सुटली होती.
खाली त्रिएस्तेत गल्ल्यांना धरायचे दोर बांधले होते,
वर पठारावर दोर बांधायलाही काही नाही,
चुनखडी, खुरटे पाइन, आणि आमची ही गोल इमारत
जिच्या पोटात इलेक्ट्रॉन रात्रभर गरगरतात
आणि प्रत्येक वळणाला थोडा उजेड सांडतात.
त्या सांडलवणीवर आमचं पोट.
पहारेकरी लिव्हिओची टोपी उडाली.
या हिवाळ्यातली दुसरी.

दोन वाजून दहा मिनिटांनी तुम्हाला टेबलावर ठेवलं.
तुम्हाला म्हणजे,
चिठ्ठी वाचल्यापासून 'नमुना' म्हणवत नाही मला.
फॉर्मॅलिनमधून काढलेलं, दोन ओंजळींत मावेल एवढं,
डावीकडचं.
पिशवीतली हवा आधीच उपसलेली.
म्हणजे तुम्ही विचारलंत ती हवा
फक्त बाहेरच होती.

इथे किरण जागचा हलत नाही,
पाहायचं ते फिरतं,
चाकावरच्या मातीसारखं, पण इतकं सावकाश
की कुंभार कंटाळून घरी जाईल.

दवाखान्यातला तुमचा जुना फोटो फाइलीत आहे.
दाट ऊती पांढरी, गाठही पांढरी,
पिठात चुना सांडावा तशी.
तीन वर्षं सगळ्यांनी पीठच पाहिलं.
मी कुणाला दोष देत नाही. तिथे सावली मोजतात,
किती उजेड अडला एवढंच.
आम्ही डिटेक्टर मागे नेतो, चांगला दोन मीटर,
आणि मग शोधत बसतो
उजेड कुठे केसभर वाकला ते.
तो कडेला वाकतो.
जिथे एक संपतं आणि दुसरं लागतं,
चरबी आणि नळी,
नळी आणि ते.

त्याला काटे होते. खोटं कशाला सांगू.
काटे आजूबाजूचं सगळं स्वतःकडे ओढून
घट्ट बसले होते.
पण त्याच्या पलीकडे, क्रमांक एकशे सत्तेचाळीस,
दुधाच्या नळ्या अशा फुटत गेल्या होत्या
की मी काप मागे-पुढे करत राहिले,
कामापुरतं बघून झालं होतं तरी.
कुणाला पाजलं होतं का तुम्ही?
उजेडाला ते कळत नाही.
मला विचारायची परवानगी नाही.

जिवंत बायका येतात तेव्हा मी माइकवर सांगते,
श्वास रोखा. हलू नका. झालं, सोडा.
तुम्हाला सांगायचं कारण नव्हतं.
तरी बटण दाबताना माझाच रोखला गेला,
आणि सोडा म्हणायला कुणी नाही,
त्यामुळे जरा लांबला.

तीन वीसला किरण गेला.
होतं असं. कंट्रोल रूममधून शिव्या, मग कॉफी,
पाऊण तास सगळं थंड.
तेवढ्या वेळात पत्र्यावर वारा ऐकला,
आत एक पानही हलत नव्हतं,
बावीस अंश, रोजच्यासारखे.
पुन्हा उजेड आला तेव्हा
तुम्ही होतात तिथेच होतात.
मी म्हटलं, माफ करा.

सकाळी सातला वारा पडला.
गाडीच्या काचेवर मिठाचा थर,
समुद्र एवढा वर चढून येतो हे मला माहीत नव्हतं.
बोटानं त्यावर आकडा काढला, तुमचा,
आणि वायपर लावला. का काढला ते विचारू नका.

ही चिठ्ठी नर्स दारिंका तुमच्या हाती देईल.
तिला तुमचं नाव माहीत आहे. मी विचारलं नाही.
फोटोंबद्दल डॉक्टर बोलतील,
मी फक्त हवेचं लिहिलं आहे
असं कुणी विचारलं तर सांगा.

कळावे.

आणि हो, पाऊस नव्हता.