नमुना बारा

कातडीचा कोंडा, एवढाच ऐवज.
ब्लेडच्या कडेने खरवडलेला, काळ्या कागदाच्या पुडीत येतो.
पुडीवर नंबर. नावं रजिस्टरात, रजिस्टर कुलपात,
पण मला ती पाठ झालीत.

दोन : सुदाम चोरघे, तालमीतला, मांडीवर बांगडीएवढा.
चार : अल्ताफ आतार, रिक्षा, कमरेभोवती.
पाच : परभणीचा पोरगा, सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर,
तीन वर्षं स्पर्धा परीक्षा, दोघांत एक टॉवेल.
नऊ : हौसाबाई राऊत, इस्त्रीचं दुकान, मनगट ते कोपर.

सगळ्यांनी आधी ट्यूब लावलेली,
मेडिकलवाल्याने काउंटरवरूनच दिलेली.
आठ दिवस थंडावा, नवव्या दिवशी दुप्पट.
सबनीस डॉक्टर म्हणतात, नायटा हटत नसेल
तर आधी त्याचं खरं नाव शोधा.

सूक्ष्मदर्शकाखाली ही भावंडं एका तोंडवळ्याची.
बशीत तीन आठवडे वाढवली तरी तेच,
वरून पिठूळ पांढरी,
उलटून पाहिली की चहाचा डाग.
म्हणून पेशी फोडायच्या, आतला धागा काढायचा.
पंचाण्णव अंश, साठ, बहात्तर,
पंचाण्णव, साठ, बहात्तर,
पस्तीस वेळा. मशीन घुमतं.
तोवर मी डबा खाते. पडवळाची भाजी, गार.

मग पडद्यावर चार अक्षरं.
आपल्या बाराखडीपुढे किती गरीब लिपी,
ना काना ना वेलांटी,
तरी एक अक्षर घसरलं
की गोळ्या गिळणाऱ्याचे तीन महिने पाण्यात.
अकराशे एक्क्याण्णवाव्या जागी सी हवा होता.
ए होता.
दोनमध्ये, चारमध्ये, पाचमध्ये, नऊमध्ये.
बारामध्येही.

बाराला नाव नाही.
रजिस्टरात तिथे मी आडवी रेघ मारली आहे.
बारा म्हणजे माझी कंबर,
परकराची नाडी बसते ती जागा.
एका रविवारी लॅबमध्ये कुणी नसताना
मीच ब्लेड घेतलं, मीच पुडी बांधली.
घरी बोलले नाही.
आमच्याकडे नायटा दुसऱ्यांना होतो.

एक पान पुरेना म्हणून सगळी पोथीच वाचून घेतली,
सव्वादोन कोटी अक्षरं प्रत्येकाची.
संगणकाने झाड काढलं.
नऊ आणि बारा एका डहाळीवर,
मध्ये दोन अक्षरांचं अंतर.
चुलत-मावस सोडाच, सख्ख्या बहिणी इतक्या जवळ नसतात.

माझे पांढरे कोट दर गुरुवारी हौसाबाईंकडे जातात.
म्हटलं, आलं कुठून ते कळलं.
किती पटकन म्हटलं,
त्याचीच आता लाज वाटते.
कारण रात्री झाड पुन्हा उघडलं, तर त्याला मूळच नाही.
जवळचं कोण, ते सांगतं.
कुणाकडून कुणाकडे, ते नाही सांगत.
दिवसभर बशा उघडणारी मी.
माझ्याच बाह्या, दमट, चुरगाळून पिशवीत,
आणि ती पिशवी तिच्या टेबलावर.

गुरुवारी गेले. कोळसे फुललेले,
तिच्या हाताला जुनं फडकं गुंडाळलेलं.
"ती ट्यूब लावू नका," मी म्हटलं.
"कुणी सांगितलं?"
गिऱ्हाईक नव्हतं. मी कुडता बोटभर वर केला.
तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला,
वाकून पाहिलं, नीट, मी पाहते तसं.
"अगंबाई," म्हणाली, "माझंच लागलं की गं तुला."

सव्वादोन कोटी अक्षरं वाचून
माझ्याकडे एवढंच होतं :
"सांगता येत नाही, हौसाबाई."

कोट तिथे ठेवले नाहीत.
घरी आणून उकळत्या पाण्यात घातले.
तिचं फडकंही मागून आणलं होतं,
तेही घातलं, त्याच पातेल्यात.