त्रेचाळीस फूट

दार लावण्याआधी प्राजू खिसे चाचपते.
घड्याळ नाही, मोबाईल नाही, काडेपेटी नाही,
केसांना तेलाचं बोट नाही,
सुती बंडी, सुती पायजमा.
"काका, तंबाखू?"
सोडली, म्हणतो.
ती माझी बोटं हुंगते.

मी आत शिरताना वेल्डिंग बघतो.
चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा होतो,
देवळात गेलो तरी आधी
घंटेचं ओतकाम बघणारा माणूस.
इथली शिवण सलग आहे, बुडबुडा कुठं नाही,
दाराची फ्लँज कुणीतरी जीव लावून घासली आहे.
पहिल्या दिवशी विश्वास बसला तो त्या कारागिरावर.
डॉक्टरवर नंतर.

हवा भरायला लागते. कानांना दडे.
काचेपलीकडून प्राजू गळ्यावर बोट ठेवते: गिळा, गिळा.
चौगले अण्णा जांभई देतात.
मेहरुनभाभींचा जबडा शेकानंतर
दोनच बोटं उघडतो,
त्या नाक चिमटीत धरून फुंकतात.
अंग तापतं. मग सगळं थांबतं,
आणि स्पीकर खरखरतो,
"पोचला. त्रेचाळीस फूट."

म्हणजे तेवढ्या पाण्याखाली जेवढा दाब, तेवढा.
पण कोल्हापुरात हा आकडा कुणाला
समजावून सांगावा लागत नाही.
राजाराम बंधाऱ्याला एकोणचाळीस, इशारा.
त्रेचाळीस, धोका.
त्रेचाळीस म्हणजे गाद्या माळ्यावर,
म्हशी हमरस्त्यावर,
आणि रात्रभर एकमेकांना फोन, कुठवर आलंय.
"आयला," अण्णा मास्क जरा उचलून म्हणतात,
"पैसे भरून महापुरात बसलोय की आपण."

अण्णांचं गुऱ्हाळ आहे, वडणग्याकडं.
जन्मभर काहिलीतला पाक बोटावर घेऊन चाखला.
"साखर मी खाल्लीच न्हाई," ते सांगतात,
"गूळ खाल्ला."
अजूनही अन्याय झाल्यासारखं सांगतात.
टाच काळी पडली तेव्हा
त्यांना वाटलं होतं राख लागलीय.

माझा डावा पाय.
अंगठा मागच्या दिवाळीत गेला.
मागं तळव्यात जे भोक उरलं
त्यात छोटं बेअरिंग बसलं असतं.
दर रविवारी ड्रेसिंग सोडलं की
शालन त्यावर स्वच्छ प्लॅस्टिक धरते,
पेनानं कड काढते, तारीख घालते,
आणि ब्लाऊजच्या मापांच्या डब्यात ठेवून देते.
पहिले तीन तुकडे सारखेच.
चौथा थोडा मोठाच.
त्या रात्री आम्ही जेवताना बोललो नाही.
मग पाचवा, सहावा.
सहा आठवड्यांत दोन सूत.
दोन सुतासाठी लेथ विकलं.
घेणाऱ्यानं चक फिरवून बघितला,
म्हणाला, काका, अजून झोल नाही याला.

डॉक्टर म्हणाले, हे बरं होणारं दुखणं नव्हे,
सांभाळायचं दुखणं आहे.
मुलगा बाहेर येऊन गप्प उभा राहिला.
मला मात्र ते लगेच कळलं.
हुबेहूब माप कधी कुणाला मिळालंय?
ड्रॉइंगवर आकड्याच्या शेजारी
अधिक-उणे लिहिलेलं असतं बारीक,
सगळा धंदा त्या बारीक अक्षरात चालतो.

नव्वद मिनिटं.
मास्कमध्ये माझाच श्वास भात्यासारखा.
ज्या हवेला कधी मोजलं नाही
तिचं आता बिल येतं, पावतीसकट.

मग हवा सुटते. एकदम गारठा,
आणि आत धुकं धरतं,
इतकं की समोरच्या भाभी दिसत नाहीत.
नुसता आवाज येतो, तोंड पुरतं न उघडलेला,
"चाळीस... एकोणचाळीस...
उतरलं बघा इशाऱ्याच्या खाली."
कुणीतरी हसतं. बहुतेक मीच.

कडी सुटते. प्राजू वहीत सव्वीस लिहिते.
एका पायात नेहमीची चप्पल,
दुसऱ्यात मऊ रबराची, तिप्पट दामाची.
बाहेर पडताना फ्लँजवरून
सवयीनं अंगठा फिरवतो.
हाताचा.
तो आहे.