तळाशी दोन बोटं

बादली हलवायची नाही.
एवढं एकच सांगते, आणि तेवढंच कोणी ऐकत नाही.
काल रात्रीच ती ओट्यावर चढवून ठेवली,
एका कडेखाली पंच्याची घडी सारून,
म्हणजे गाळ एका कुशीवर झोपेल
आणि सकाळी मला दुसऱ्या कुशीतून
हळूच चोरी करता येईल.

द्राक्षांचं गाव हे. इथे मी सातू आंबवते.
गायधनी काकूंना सांगितलंय, कुंड्यांसाठी खत करतेय.
त्या जिन्यात थांबून वास घेतात.
"खत बरंय हो तुझं. भाकरीसारखं."

नोकरी म्हणाल तर तीही हीच.
जलशुद्धीकरण केंद्रात बारा वर्षं
सहा काचेच्या भांड्यांत तुरटी मोजून टाकते,
पाती फिरवते, थांबवते,
आणि बघत बसते.
धरणातून आलेली गोदावरी
आधी कण, मग पुंजके, मग पिंजलेल्या कापसासारखी
खाली उतरते.
आषाढात चहाच्या रंगाची येते तेव्हा
बोडके साहेब पाठीमागे उभे राहून विचारतात,
अजून किती वेळ?
नदीला विचारा, असं तोंडावर येतं.
गिळते.

घरी मात्र पहिल्या खेपेला मीच घाई केली.
अर्ध्या मायक्रॉनची गाळणकांडी आणली,
बिअर अशी निवळली
की ग्लासाआडून पेपर वाचावा.
बुचं ठोकली. तीन आठवडे थांबले.
पहिलं बूच काढलं,
आवाजच नाही.
तात्यांनी घोट घेतला, मिशी पुसली:
"सुंदर आहे. तीर्थ म्हणून वाटता येईल."

तेव्हापासून कांडी माळ्यावर.
आता थंडीलाच सांगते.
जानेवारीत नाशिक फुकट फ्रिज देतं.
तीन रात्री बादली बाल्कनीत,
पाथर्डी फाट्याकडून येणाऱ्या वाऱ्यात.
पेपरात निफाडचा पारा, बागांमधल्या शेकोट्यांचे फोटो,
आणि इकडे झाकणाखाली यीस्ट
एकेक करून हात सोडतं.

भंगारवाल्याकडच्या तपकिरी बाटल्या,
लेबलं सोलून, उकळत्या पाण्यातून काढून, पालथ्या.
प्रत्येकीत साखरेचं पाणी,
तात्यांच्या खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून.
नळी तोंडाने ओढायची नाही,
उकळून गार केलेल्या पाण्याने भरून मग सोडायची,
वरचं टोक गाळापासून चार बोटं उंच,
खालचं बाटलीच्या बुडाला टेकलेलं.
फेस नको. हवा नको.

मकरंद बाटल्या धरतो.
परवापासून आम्ही बोलत नाही:
त्याची पुण्याची बदली, माझी बारा वर्षं.
तो फक्त म्हणतो, "भरली."
मी नळी चिमटते.
पुढची.
"भरली."
पुढची.

सव्वीस झाल्या.
आता जरा कलती केली तर अजून एक निघेल,
दर खेपेला हा मोह होतोच.
मकरंद बादलीला हात लावतो.
मी बघते.
तो हात काढून घेतो.

तळाशी दोन बोटं उरलंय,
ताकाखालच्या साक्यासारखं, मातकट, जाड.
तात्या वाटी घेऊन हजर.
"ते ओतू नको मोरीत. जीव त्यातच असतो."
पोट धरेल, तात्या.
वाटी तशीच पुढे.
अर्धी त्यांना दिली, उरलेलं भाकरीच्या पिठात.

बाटल्या खोक्यात, पलंगाखाली, अंधारात.
कितीही जपलं तरी प्रत्येकीच्या बुडाशी
नखाएवढा थर बसणारच.
तेवढा बसू दे, त्याशिवाय आवाज नाही.
ओतताना एका दमात ओतायची,
शेवटचा घोट बाटलीतच सोडायचा.

खोकं सरकवण्याआधी पाहिलं,
सव्वीसाव्या बुचावर मकरंदने
पेनाने तारीख घातली आहे. पुढल्या महिन्याची.
त्या तारखेला तो कुठे असेल
ते विचारलं नाही.
बूच घट्ट बसलंय का,
तेवढं अंगठ्याने दाबून पाहिलं.